पेटीवरची जानमाज

जानेवारीचा तिसरा आठवडा संपत आला तरी रहीमखेड्याने सूर्याचं तोंड पाहिलं नव्हतं. लखनौच्या कडेला वृंदावन योजनेचा शेवटचा सेक्टर संपतो तिथून मोहरीची शेतं लागतात आणि शेतांच्या पलीकडे हे गाव. धुकं असं की अकरा वाजेपर्यंत मोहरीही दिसत नव्हती आणि सेक्टरातल्या इमारतीही दिसत नव्हत्या. हसीबुनच्या अंगणातल्या दोरीवर तीन दिवसांची दुपटी ओलीच्या ओली लटकत होती. शेवटी तिने ती काढली, अंगीठीवर वेताची टोपली उपडी घातली आणि तिच्यावर एकेक दुपटं शेकत बसली.

"अल्लाह मियाँ भी रजाई ओढ़ के सो गए," ती म्हणाली आणि लगेच तोबा तोबा करून तिने कानांना हात लावले. हसीबुनचं असंच. आधी जीभ चालायची, तोबा मागून यायची.

आत खोलीत तिची सून दिलशाद खाटेवर बसली होती. बाळंतपणाचा आज सव्विसावा दिवस. मांडीवर अमीनाबादच्या व्यापाऱ्याकडून आलेला कुर्ता होता, त्यावर निळ्या शाईने बुट्ट्यांची छपाई. घरात चिकनचं भरतकाम दोघी करायच्या. हसीबुनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. साधा टाका ती डोळे मिटूनही घालायची, पण मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गाठ, तिला डोळे लागतात. मुर्रीचं काम दिलशादचं. सकाळपासून तिने एक पाकळी केली होती, तीही उसवून. सुईत दोरा होता, बोटांना शाई होती, मधलं माणूसच कुठेतरी गेलं होतं.

शेजारी तान्ही सिद्रा रडत होती. दिलशादला रडणं ऐकू येत होतं, पण शेजाऱ्यांच्या घरातून यावं तसं. हसीबुनने आत येऊन नातीला उचललं आणि सुनेच्या छातीशी लावलं तेव्हा तिने पाजलं. पाजताना ती भिंतीकडे बघत होती.

"देख तो ले उसकी तरफ. तेरी ही है, कोई पड़ोस की नहीं," हसीबुन म्हणाली.

दिलशाद या घरात तशीही कमीच बोलायची. ती शिरोळ तालुक्यातली, मुलाण्याची पोर. नफीस इचलकरंजीला लूम चालवायला होता तेव्हा लग्न झालं. दोन वर्षांनी सासरा वारला आणि नफीस तिला घेऊन गावी परतला. आता तो नव्या इमारतींमध्ये टाइल्स बसवायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा तेही राहिलं. इथली बोली वेगळी, भाजीची चव वेगळी, बाळंतिणीला डिंकाच्या लाडवाऐवजी अछवानी. गूळ, तूप, ओवा घालून उकळलेलं ते पातळसर पेय हसीबुन मायेनेच करायची, पण दिलशादच्या घशाखाली ते उतरत नव्हतं.

सासरी आल्यापासून तिची एकच जागा होती जिथे कोणी तिच्या बोलण्याला हसत नव्हतं, पोळी जाड झाली म्हणत नव्हतं. ती म्हणजे नमाजीचं आसन. ती त्याला मुसल्ला म्हणायची, इथे जानमाज म्हणतात. पहाटेची नमाज आजीने लहानपणीच अंगवळणी पाडली होती. दिवसातून पाच वेळा ती त्या दीड हात कापडावर जायची आणि मनातलं सगळं मराठीत सांगून मोकळी व्हायची.

सिद्रा झाली त्या दिवशी हसीबुनने ती जानमाज घडी घालून कपड्यांच्या पेटीवर ठेवली. "चालीस दिन," एवढंच म्हणाली. बाळंतिणीला नमाज नाही, कुराणाला हात नाही, हे दिलशादलाही ठाऊक होतं. पण तिसऱ्या दिवशी पोरीला पाहून काहीच वाटेना, पाचव्या दिवशीही वाटेना, तेव्हा तिच्या मनाने त्या घडीचा वेगळाच अर्थ लावला. आपल्यावर वरचा रागावला आहे. दार लावून घेतलंय. आता हाका मारून उपयोग नाही.

मंगळवारी दुपारी बाराबंकीहून कनीजचा फोन आला. कनीज नफीसची थोरली बहीण. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नव्हतं. हसीबुन फोनवर बोलली आणि आत येऊन म्हणाली, "जुमे को कनीज आ रही है. बच्ची को कुछ दिन अपने साथ ले जाएगी. तू आराम कर लेना."

'कुछ दिन' म्हणजे किती, ते गावात सगळ्यांना कळतं. दारात बूट काढणाऱ्या नफीसने हातातला बूट तसाच धरला. तो बायकोकडे बघत इचलकरंजीच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "तू बोल ना. तुला काय पाहिजे ते सांग मला."

"न्या," दिलशाद म्हणाली.

नफीसला रडू आलं. त्याने बूट खाली ठेवला आणि पुन्हा बाहेर गेला.

*

त्याच दिवशी चारच्या सुमारास स्कूटीवरून एक बाई आली. डोक्याला हेल्मेट, त्यावर शाल, शालीवर दव. विभा सबनीस. मिरजेत नर्सिंग शिकलेली, नवरा धनंजय लखनौला वनस्पतींच्या संशोधनात, बावीस वर्षं तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत संसार. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती एका लहानशा संस्थेसाठी बाळंतिणींच्या घरी जायची. मन कसं आहे, झोप कशी आहे, हे विचारायचं काम. तिला स्वतःच्या कामाचा थोडा अभिमान होता, आणि अभिमान असला की माणूस एक पायरी हमखास चुकतं.

उंबऱ्यात तिचा पाय घसरला. "आई गं! काय मेलं हे धुकं!" ती पुटपुटली.

खाटेवरची मान वळली. "तुमी कुटल्या?"

"मी मिरजेची. आणि तू?"

"शिरोळची. अर्जुनवाडच्या फुडं आमचं गाव." दिलशादच्या तोंडून एका दमात इतके शब्द हसीबुनने चार आठवड्यांत ऐकले नव्हते. ती हातात दुपटं घेऊन दारातच थांबली.

विभाने फॉर्म काढला. ताप? नाही. झोप? नाही. रक्तस्राव? थांबला. किती दिवस झाले? चार. भूक? नाही. ती एकेक उत्तर नीट लिहीत गेली. मग पेन मिटून तिने विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का गं? स्पष्टच विचारते."

दिलशाद बोटांवरची शाई चोळत राहिली. "तसं न्हाई. पर पोरगी शुक्रवारी जानार. ती गेली की माजं हितं काय काम ऱ्हायलं, असं वाटतं."

हे साधं उत्तर नव्हे, हे विभाला कळलं. कोणाशी बोलायचं, कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं, याची यादी डोक्यात सुरू झाली. आणि त्याच घाईत, प्रशिक्षणात सांगितलेलं वाक्य आठवलं: आईच्या श्रद्धेचा आधार घ्या. पेटीवर घडी घातलेली जानमाज समोरच होती. विभा प्रेमाने म्हणाली, "तू नमाज पढतेस ना? मग रोज पढत जा. मन शांत होईल बघ."

दिलशादचा चेहरा दिवा मालवावा तसा झाला. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि तिने रजाई डोक्यावर ओढली.

दारातून हसीबुन फिसकन हसली. "वाह मास्टरनी जी! चालीस दिन में नमाज? जच्चा नापाक होती है, इतना भी नहीं मालूम? और आई हैं समझाने!"

शेजारच्या दोन बायका कुंपणावरून बघत होत्या, त्याही हसल्या. विभाचे कान गरम झाले. हेल्मेट उलटं घालून ती निघाली, ते तिला मोहरीच्या शेतापर्यंत कळलंही नाही.

घरी तिने धनंजयला सगळं सांगितलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "ज्या पोरीला पाणी प्यायची बंदी आहे तिला तू म्हणालीस, पाणी पी, बरं वाटेल."

"माहितीय मला. तू मीठ चोळू नकोस."

"चोळत नाही. विचार कोणालातरी. झाडाबद्दल कळलं नाही तर मी माळ्याला विचारतो."

*

बुधवारी ती पुन्हा गावात आली, पण हसीबुनकडे गेली नाही. मशिदीमागे रईसा बाजी राहायच्या. आलिमा म्हणजे धर्माचं शिकलेली बाई. पडवीत मुलींना कुराण शिकवायच्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या, चहात बिस्किट बुडवून खाण्याच्या शौकीन. विभाने आपली चूक न लपवता सांगितली.

बाजींचं बिस्किट चहात पडलं. "आपने उसे नमाज को कहा? या खुदा!" त्या आधी हसल्या, मग त्यांनी कप खाली ठेवला. "वो समझ रही होगी कि अल्लाह ने मुँह फेर लिया. सबनीस जी, इन दिनों की नमाज माफ है. अल्लाह से छुट्टी थोड़ी हो गई है! दुआ माँगे, अल्लाह का नाम ले, किसने रोका?"

"घर में बोलते हैं चालीस दिन," विभा म्हणाली. ती रागावली की तिची हिंदी मराठीच्या वळणावर जायची.

"चालीस तो आखिरी हद है. खून जिस दिन बंद, उसी दिन गुस्ल, यानी पाक होने का नहाना, उसी दिन से नमाज. चाहे पंद्रहवाँ दिन हो. लोगों ने हद को कायदा बना लिया." बाजींनी चमच्याने बिस्किट काढलं. "लड़की से किसी ने पूछा, बंद हुआ कि नहीं?"

विभाने पर्समधून फॉर्म काढला. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं. रक्तस्राव थांबला, चार दिवस. काल तिने हे लिहिलं होतं, त्याखाली रेघही मारली होती, आणि मग त्या पोरीला नमाजीचा उपदेश करून तोंडघशी पडली होती. उत्तर हातात होतं आणि ते कशाचं उत्तर आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तिला स्वतःचा मनस्वी राग आला.

"बाजी, कल मेरे साथ चलेंगी? मेरी बात वो लोग नहीं सुनेंगे. सुनना भी क्यों?"

*

गुरुवारी धुकं तसंच होतं. नफीस कामाला गेला नव्हता, अंगणात लाकडं फोडत होता. ओली लाकडं, कुऱ्हाड रुतून बसायची. रईसा बाजींना पाहून हसीबुनने डोक्यावरचा पदर सारखा केला. मागून विभा आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली, पण बाजींसमोर तिने तिलाही आत येऊ दिलं.

बाजी सरळ आत जाऊन दिलशादच्या खाटेवर बसल्या. "बेटी, खून कब बंद हुआ?"

दिलशादने मान खाली घातली. "छे दिन हुए."

"तो पाक हो तुम. छह दिन से." बाजींनी तिचा हात हातात घेतला. "और जब पाक नहीं थीं, तब भी अल्लाह सुन रहा था."

दिलशादने विभाकडे पाहिलं. "त्या काय म्हनत्यात? मला नीट सांगा."

विभाने मराठीत सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य, आपलं काही न मिसळता. सांगून झाल्यावर म्हणाली, "परवा मी न समजता बोलले. मला माफ कर."

"म्हंजे तो ऐकत हुता?" दिलशादने विचारलं. "सगळे दीस?"

"बाजी म्हणतात, हो."

"चालीस दिन तो चालीस दिन!" हसीबुनचा आवाज अंगीठीकडून आला. "हमारी सास ने यही किया, उनकी सास ने यही किया. छह बच्चे जने हमने, हर बार पूरे चालीस बैठे. अब ये नई बात कहाँ से आ गई?"

"नई नहीं है, हसीबुन. यही पुरानी है," बाजी म्हणाल्या. "ज्यादा से ज्यादा चालीस. पहले बंद हो जाए तो पहले."

हसीबुनच्या हातातलं दुपटं टोपलीवर तसंच राहिलं. करपल्याचा वास सुटला, तरी तिने ते उचललं नाही. विभाने पुढे होऊन काढलं. मधोमध पिवळा डाग पडला होता.

"मुनीर तीसवें दिन गया था," हसीबुन म्हणाली.

नफीसची कुऱ्हाड थांबली. आपल्याआधी एक भाऊ होता एवढंच त्याला माहीत होतं, नाव त्याने आज ऐकलं.

"हमारा तो सोलहवें दिन बंद हो चुका था. उसे निमोनिया था. यही ठंड थी. सारा घर दुआ माँग रहा था. सास ने कहा, तू मत माँग. तू नापाक है, तेरी दुआ ऊपर नहीं जाएगी, उल्टी पड़ेगी. हम दीवार की तरफ मुँह करके बैठे रहे." तिने पदराने नाक पुसलं. "सब ने माँगी, बाजी. माँ ने नहीं माँगी."

रईसा बाजी उठल्या, जमिनीवर हसीबुनशेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हें गलत बताया गया. दुआ तो उस वक्त भी जाती."

"चौंतीस साल हो गए," हसीबुन म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि मुलावर ओरडली, "खड़ा क्या देख रहा है? लकड़ी ला. बहू नहाएगी."

पाणी तापलं. कडुलिंबाचा पाला हसीबुननेच घातला. आंघोळीच्या आडोशाला तिने जाजम बांधलं आणि स्वतः तांब्याने पाणी घालत राहिली. सुनेच्या बोटांवरची निळी शाई तिने बेसन लावून चोळून चोळून काढली. दिलशादची पाठ इतकी वाळली होती की मणके मोजता यावेत. हसीबुनच्या हाताला ते आज पहिल्यांदा लागलं. "इतनी सूख गई और मैं तुझे डाँटती रही," ती म्हणाली आणि पाणी घालत राहिली.

दिलशादने आडोशाच्या आतूनच बाजींना विचारलं, "नमाज में लड़की रोई तो?"

"हमारे हुजूर पैगंबर नमाज पढ़ाते और पीछे किसी बच्चे का रोना सुनते, तो नमाज छोटी कर देते. कि माँ का दिल दुखता होगा. तुम भी छोटी कर लेना."

दिलशादने पेटीवरची जानमाज उचलली, झटकली आणि तिसऱ्या प्रहराची नमाज पढली. कपाळ जमिनीला टेकून सजद्यात गेली ती बराच वेळ वर आलीच नाही. पाठ हलत होती. लगेच बरं वाटलं का म्हणाल, तर नाही. नमाज म्हणजे काही डोकेदुखीची गोळी नव्हे. पण नंतर ती अर्धा पेला अछवानी प्यायली आणि "ओवा लई झालाय," असं म्हणाली. तक्रार करण्याइतका जीव तिच्यात परत आला होता.

निघताना विभाने नफीसला बाजूला घेतलं. सोमवारी डॉक्टरांना दाखवायचं, मी बरोबर येते, तोवर हिला एकटीला सोडायचं नाही. हसीबुनने ऐकलं. "पागलों वाले डॉक्टर?"

"दवा लेना भी दीन-धरम का हिस्सा है," रईसा बाजी दारातून म्हणाल्या. "तुम आँख का ऑपरेशन कराओगी तो क्या अंधों वाला डॉक्टर कहलाएगा?"

*

शुक्रवारी एकच्या सुमारास रिक्षा येऊन थांबली. नफीस जुम्म्याच्या नमाजीला गेला होता. कनीज उतरली, तिच्या हातात मऊ ब्लँकेट आणि पिशवी होती. पिशवीत अकरा वर्षांत कधी ना कधी विणलेले सहा स्वेटर होते.

दिलशाद आत जानमाजीवर उभी होती. फर्जच्या आधीची सुन्नत नमाज झाली होती, सक्तीची फर्ज सुरू होती. खाटेवर सिद्रा जागी झाली, थोडी कुरकुरली आणि मग टाहो फोडला. कनीज चप्पल काढून धावली, दोन्ही हात पुढे करून. हसीबुनने तिचं मनगट धरलं.

"रुक. माँ आ रही है."

"अम्मी, वो रो रही है!"

"सुन रही है वो. रुक जा."

दिलशादला ऐकू येत होतं. आज ते रडणं शेजाऱ्यांच्या घरातून येत नव्हतं, पोटातून येत होतं. तिने कुराणातला सगळ्यात छोटा सूरा घेतला, सजदे आटोपले, उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम, आणि उठून पोरीला उचललं. "आले गं, आले. माजी बाय, आले की." सिद्राशी तिची आई मराठीत आजच पहिल्यांदा बोलत होती. ती पदरात शिरली आणि गप्प झाली. दिलशाद या वेळी भिंतीकडे बघत नव्हती.

हसीबुन लेकीला म्हणाली, "कनीज, बच्ची यहीं रहेगी." आवाज कडक ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो मधेच तुटला. तिची लेकच होती ती.

कनीजने धावताना पिशवीतून पडलेले स्वेटर परत घडी घालून एकेक पिशवीत ठेवायला सुरुवात केली. पिवळा, गुलाबी, पांढरा. दिलशाद ते बघत होती. पोरगी पिऊन झाली तशी ती उठली आणि कनीजसमोर जाऊन तिने सिद्राला पुढे केलं.

"आपा, इसकू पकड़ो. मेरी नमाज की दो रकात बाकी है." मग थोडं थांबून म्हणाली, "पन इधरच बैठना. मेरे सामने. और वो पीलावाला स्वेटर पहना देव, ठंडी है."

कनीज खाटेच्या कडेला बसली आणि पोरीचे हात बाहीत घालताना तिचे डोळे भरून आले. ती हलली मात्र नाही, तिथेच बसली.

दिलशाद परत जानमाजीवर गेली. इतक्यात हसीबुनने आपलीही जानमाज आणली आणि सुनेच्या शेजारी अंथरली. दोघी एका रांगेत उभ्या राहिल्या. दिलशादचं आधी झालं. तिने हात वर करून दुआ मागितली, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि शेजारी पाहिलं. सासूची दुआ संपली नव्हती. हात वर होते, ओठ हलत होते, त्यातलं एक नाव तिला स्पष्ट कळलं.

अमीनाबादचा कुर्ता तसाच पडला होता, अंगीठीवर दुपटं वाट बघत होतं. दिलशाद उठली नाही. चौतीस वर्षं उराशी धरलेली दुआ होती, तिला वेळ लागणारच होता.